दुसरं दार

रविवार, ६ ऑक्टोबर

आजही गिरणीकडून धूर. काळा नाही, पांढरा. न्हावी म्हणतो, पांढरा म्हणजे बरं. त्याला काय कळतं! पांढरा म्हणजे आत कुणी पाणी ओततंय, की जाळायलाच आता काही उरलं नाही?

धाकटा मुलगा आत आहे. त्याची तुकडी गिरणीत अडकून पडली आहे आणि पलीकडच्यांनी नदीची बाजूही अडवली, रस्त्याचीही. हे युद्ध एवढं मोठं, देशच्या देश त्यात उतरलेत म्हणे, पण माझं सगळं युद्ध त्या एका गिरणीत आहे. पूर्वी तिचा भोंगा वाजला की आमच्या फळीवरचे पेले थरथरायचे. आता तोफांनी थरथरतात.

संध्याकाळ झाली की माझे कान दाराला लागतात. त्याची ठोठावायची तऱ्हाच वेगळी. आधी तळहाताची एक थाप, मग बोटांची पेरं भरभर, पत्र्यावर गारा पडाव्यात तशी. उजव्या हाताने. डाव्यात कायम काहीतरी असायचं — पिशवी, पाव, एकदा तर कुणाचं तरी कुत्र्याचं पिल्लू! दार उघडं असलं तरी ठोठावणार. मी ओरडायचो, "अरे, घर तुझंच ना? रंग उडतो दाराचा!"

रंगाची काळजी करत होतो मी. रंगाची!

सोमवार, ७ ऑक्टोबर

मुलींची शाळा आज बंद केली. फाटकाशी लष्कराच्या मोटारी, पांढरं फडकं लावलेल्या. न्हाव्याला गल्लीत 'रेडिओ' म्हणतात, कारण तो चालूच असतो आणि खरखरही असते. त्याने बातमी आणली — उद्या शाळेच्या सभागृहात बोलणी. त्यांचे लोक आणि आपले लोक, एका टेबलाशी.

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकाने. दाढी करताना माणूस खोटं बोलत नाही, गळ्यावर वस्तरा असतो."

हसलो. बऱ्याच दिवसांनी. मग घरी आल्यावर दुसरंच आठवलं. बोलणी फिसकटली की दोघेही आधीपेक्षा जोरात मारतात असं ऐकलंय.

मंगळवार, ८ ऑक्टोबर, सकाळी

उजाडायच्या आत तोफा सुरू. गिरणीवरच. तेही बोलणी ठरलेल्या दिवशी! ही म्हणाली, "बोलायच्या आधी घसा साफ करतायत." हिचं बोलणं हे असं. चहा मात्र बशीत सांडला.

शाळेतून हेडबाईंचा निरोप आलाय — मिस्त्री, हत्यारं घेऊन लगेच या. आता काय मोडलं?

मंगळवार, ८ ऑक्टोबर, संध्याकाळी

सगळं लिहून ठेवतो. मी चौथीपर्यंत शिकलेला, मागचं पुढे होईल, पण लिहितो. दुसऱ्या कुणाला सांगावं असं नाही.

शाळेत काहीच मोडलं नव्हतं. व्हरांड्याच्या एका टोकाला आपले लोक उभे, दुसऱ्या टोकाला पलीकडचे. मधे हेडबाई, हातात खडू, कपाळाला आठ्या. सगळे उभे, आत कुणीच जाईना. का, तर सभागृहाला दार एकच! जो आधी आत शिरेल तो घरचा मालक, म्हणजे गाव त्याचं. जो मागून शिरेल तो मागायला आलेला. आणि गाव कुणाचं हेच तर ठरायचंय. बरोबर शिरावं, तर दार एका माणसापुरतं.

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. तेवढ्यात गिरणीकडून असा धमाका झाला की खिडकीच्या काचा वाजल्या. कुणी हललं नाही. मी एकटाच खाली वाकलो.

आपल्याकडचा एक चष्मेवाला कॅप्टन म्हणाला, "मिस्त्री, दुसरं दार पाहिजे. पहिल्यासारखंच. एक बोटसुद्धा लहानमोठं चालणार नाही."

मी म्हटलं, "साहेब, दार म्हणजे काय पाव आहे, भट्टीतून काढून द्यायला? आठवडा लागतो."

त्यावर हेडबाई हळूच म्हणाल्या, "मिस्त्री, आठवड्याने गिरणीत कोण उरेल?"

बास.

या बाई! मी त्यांना इतकी वर्षं नुसत्या बाकांच्या तुटक्या पायांवरून ओळखतो. कवायतीसारख्या चालतात, मला नेहमी भीती वाटते त्यांची. आज त्यांनी भिंतीला खडूने रेघ मारून ठेवली होती. व्हरांड्याच्या बाजूला जुनी मोठी खिडकी आहे, तिच्याखालची भिंत उतरवली की दाराची जागा तयार. वरची तुळई आहेच. गवंड्यालाही त्यांनी बोलावून ठेवलं होतं. कामाला लागायचं तेवढं बाकी. एवढे पदकं लावलेले लोक तिथे उभे होते, पण सुचलं ते बाईंना.

पण दार कुठून आणायचं? मला ठाऊक होतं कुठून. तोंडावर येत नव्हतं. सभागृहाचं दार मीच केलेलं, आणि त्याच झाडाच्या उरलेल्या फळ्यांचं, त्याच मापाचं दुसरं दार केलं ते माझ्या घराला बसवलं. जुळी बहीणच. मी खिळ्यांची पिशवी उगाच चाचपत राहिलो. घराचं दार काढायचं? या दिवसांत? चोर, शिपाई, कुणीही आत येईल. आणि तो आला तर?

शेवटी बोललो. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "घरी विचारून या."

ही भाजी चिरत बसली होती. मी सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तिने सुरी खाली ठेवली, दारापर्यंत गेली आणि आतल्या कडीला अडकवलेली तिची पिशवी काढून घेतली.

"काढा," म्हणाली.

"अगं, पण —"

"अहो, मी काय म्हणते, तो तिकडे अडकलाय की इकडे? काढा लवकर."

चौकटीसकट उपटलं. नुसतं दार नेलं असतं तर नवी चौकट घडवायला दिवस गेला असता. न्हावी दुकान उघडं टाकून धावत आला, एका टोकाला त्याने धरलं. वाटभर त्याची टकळी चालूच. "मिस्त्री, तुमच्या दाराला आज केवढा मान! मोठमोठे साहेब त्यातून जाणार. माझ्या खुर्चीत एक हवालदार बसला होता, तेवढाच." मी म्हटलं, "वर बघ, खाली नको बघू, ठेच लागेल." तो म्हणाला, "वर बघितलं तर ठेच लागणार नाही?" घाबरलो की मी असंच काहीतरी बरळतो.

घराला दाराच्या जागी जाड चादर टांगली. खिळे मारताना मला दारातून अख्खी गल्ली दिसत होती. घर उघडंवाघडं वाटलं.

गवंड्याने भिंत उतरवली, मी चौकट उभी केली, ओळंबा सोडला, पाचरी ठोकल्या. तोफा चालूच होत्या. प्रत्येक आवाजाला मला वाटे, हा त्याच्यावर तर नाही? आणि हात थांबला की मी स्वतःला शिव्या घालायचो. इतक्या वर्षांत एवढ्या घाईत मी काम केलं नाही आणि इतकं सरळही कधी केलं नाही. कॅप्टनने टेप लावून दोन्ही दारं मोजली. उंची सारखी. रुंदी सारखी. मला घाम पुसायला हात वर करवेना.

कोणतं दार कुणाचं, ते नाणं उडवून ठरलं. नवं, म्हणजे माझ्या घरचं, आपल्यांना. जुनं पलीकडच्यांना. दोघे आपापल्या दारासमोर जाऊन उभे राहिले. हेडबाई म्हणाल्या, "घंटा झाली की आत."

आणि तेव्हा मला ते दिसलं. देवा रे!

घराचं दार आत उघडतं. आमची गल्ली अरुंद, बाहेर उघडलं तर येणाऱ्याच्या नाकावर बसेल. आणि सभागृहाचं दार बाहेर उघडतं, कारण मुलींची गर्दी झाली तर सगळ्या धडाधड बाहेर पडायला हव्यात. मी चौकट जशी घरी होती तशीच उभी केली. मापं सगळी बघितली, आणि दार कोणत्या बाजूला उघडतं हेच बघितलं नाही! म्हणजे आपले साहेब दार ढकलून ताठ पुढे शिरणार, आणि पलीकडच्यांना दार ओढायला आधी एक पाऊल मागे घ्यावं लागणार.

ते पलीकडच्यांच्याही लक्षात आलं. त्यांचा एक तरणा अधिकारी लालबुंद झाला. त्यांची भाषा आपलीच, नुसता हेल वेगळा. "आम्ही मागे सरायचं, आणि हे आत घुसायचे? हे मुद्दाम केलंय!"

आपला कॅप्टन उसळला. "मुद्दाम कोण करेल?"

"मग कुणी केलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हातोडी छातीशी धरून उभा. कसाबसा म्हणालो, "साहेब, माझं चुकलं. बिजागऱ्या फिरवतो. पण चौकट परत काढावी लागेल, वेळ लागेल थोडा…" आणि 'वेळ' म्हणतोय तोच गिरणीवर पुन्हा. या वेळी लागोपाठ.

माझ्यामुळे! एका बिजागरीमुळे तिथे माणसं मरतायत, त्यात माझा मुलगा, आणि मी इथे खिळे मोजतोय. असं वाटलं की भुई दुभंगावी.

पलीकडच्यांचे मोठे साहेब तोवर एक शब्द बोलले नव्हते. माझ्याच वयाचे असतील. एक पाय अधू, हातात काठी. तो तरणा अजून तणतणत होता. काठीवाले साहेब त्याला म्हणाले, "अरे, माझा हा पाय पाच वर्षं मागेच चाललाय. आज आणखी एकदा मागे गेला तर त्याला काय कळणार?"

आणि ते हसले. खरंच हसले. मग काठी बगलेत धरून त्यांनी एक पाऊल मागे घेतलं. सगळ्यांसमोर. दार ओढलं, आणि उघडं धरून उभे राहिले.

घंटा झाली. आपल्या साहेबांनी माझं दार ढकललं. त्यांना सरळ आत जाता आलं असतं. ते उंबऱ्याशी थांबले. पलीकडे काठीवाले साहेब काठी सावरत होते, ती सावरून होईपर्यंत आपले साहेब पाय न उचलता थांबले. मग दोघांनी पाऊल बरोबर टाकलं. मी डोळ्यांनी बघितलं. आपले साहेब मोठ्या मिशांचे, चिडके म्हणून ऐकून होतो. काय माणसं असतात!

आतून हेडबाईंचा आवाज आला, "बसा." आणि सगळ्या खुर्च्या एकदम सरकल्या. त्या आवाजाला मीसुद्धा बाहेर बसलो.

मला घरी जाऊ दिलं नाही. ओल्या चुन्यात दार अडलं तर मिस्त्री हवा. बरंच झालं. गवंडी आणि मी व्हरांड्यात, आतलं अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. "आधी शस्त्रं खाली." "आधी जखमी बाहेर." पुन्हा तेच. पुन्हा तेच. कुणीतरी टेबलावर मूठ आपटली. हेडबाई चहा घेऊन आत गेल्या, बाहेर आल्या, परत गेल्या. मला म्हणाल्या, "मिस्त्री, चहा आत गेला की आवाज उतरतो. म्हणून थोडा थोडा नेते."

बाई, तुमच्यापुढे हात टेकले.

दुपार कलल्यावर सगळे पाय मोकळे करायला बाहेर आले. काठीवाले साहेब कपबशी हातात घेऊन माझ्याजवळ आले. मी उठायला लागलो तर काठीने खूण केली, बस. त्यांनी माझ्या दारावर हात फिरवला.

"दोन्ही एकाच झाडाची?"

"हो साहेब. कसं ओळखलंत?"

"माझे आजोबा सुतार." मग दाराच्या मधल्या भागावर बोट ठेवून म्हणाले, "इथला रंग उडालाय. हाताच्या उंचीवर. हे शाळेचं दार नाही."

सांगितलं मी, घरचं आहे म्हणून.

"मग घराला आज काय?"

"चादर."

"रंग कुणी उडवला?"

मला खोटं बोलता आलं असतं. शत्रूच तो, त्याच्या तोफा. पण त्याने इतक्या साधेपणाने विचारलं, शेजाऱ्याने विचारावं तसं. मी म्हटलं, "माझा धाकटा. उघड्या दारावरही ठोठावतो. गिरणीत आहे तो."

त्यांनी कपबशी खिडकीवर ठेवली आणि काठी टेकत आत गेले. चहा तसाच राहिला.

त्यांनी आत काय म्हटलं मला ऐकू आलं नाही. मी उगाच काही जोडत नाही. त्यांच्यामुळे, बाईंच्या चहामुळे, की आपल्या साहेबांमुळे — कुणी सांगावं! पण ऊन भिंतीवरून उतरायच्या आत कॅप्टन धावत मोटारीकडे गेला, पलीकडचा तो लालबुंद तरणाही धावला, दोघे एकाच मोटारीत बसले. थोड्या वेळाने तोफा थांबल्या.

सगळ्या.

गवंडी म्हणाला, "मिस्त्री, ऐकू येतंय?" मी म्हटलं, "काय?" तो म्हणाला, "तेच तर."

घरी आलो तर ही चादरीच्या या बाजूला खुर्ची टाकून बसलेली, रस्त्याकडे तोंड करून. सगळं सांगितलं. काठीवाल्या साहेबांचं दोनदा सांगितलं. शत्रूचं कौतुक करतो म्हणून चिडेल वाटलं. ती म्हणाली, "पाय पुढे टाकणारे पुष्कळ असतात. मागे घेणारा एखादाच."

बुधवार, ९ ऑक्टोबर

जखमी आधी, शस्त्रं मागून. असं ठरलं. गिरणीतून गाड्या निघाल्या, पण नदीपलीकडच्या दवाखान्याकडे. तोच जवळ, तोच मोठा. नावं कुणी सांगत नाही. न्हावी दोनदा चौकशीला गेला, हात हलवत परत. आज त्याने एकही विनोद केला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

बोलणी चालूच. आता गिरणीपुरती नाहीत, सगळ्या नदीकाठाची. रोज सकाळी काठीवाले साहेब एक पाऊल मागे घेतात आणि आपले साहेब उंबऱ्याशी थांबतात. मी म्हटलं होतं, बिजागऱ्या फिरवून देतो. हेडबाई म्हणाल्या, "हात लावू नका. आता त्यांना सवय झालीय."

सुटे शिपाई चालत परत येतायत. आमच्या गल्लीत कोपऱ्यावरच्या शिंप्याचा मुलगा आला. त्याला धाकट्याचं विचारलं. म्हणाला, "शेवटी शेवटी तो बॉयलरकडे होता, काका. पुढचं माहीत नाही." आणि खाली बघितलं.

मला हे खाली बघणं आवडलं नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

चादर वाऱ्याने हलली. आम्ही दोघे एकदम उठलो. वाराच.

ही म्हणाली, "दार हवं. तो आला आणि ठोठावायला काही नसलं तर?" मी म्हटलं, "मग हाक मारेल." "तो हाक मारत नाही," म्हणाली. खरंच की. त्याने कधी हाक मारलीच नाही. थापच.

सोमवार, २१ ऑक्टोबर

सह्या झाल्या! शाळेची घंटा इतका वेळ वाजत होती की मला वाटलं आग लागली. हेडबाई स्वतः दोर ओढत होत्या, पदर खोचून. गल्लीत सगळे बाहेर. न्हाव्याने दिसेल त्याची दाढी करायला घेतली, माझी अर्धीच केली आणि नाचायला गेला.

काठीवाले साहेब जाताना म्हणे दोन्ही दारांवरून हात फिरवून गेले. मी नव्हतो तिथे. असायला हवं होतं. काही बोललो नसतो, नुसता उभा राहिलो असतो.

बाईंनी निरोप पाठवला — मिस्त्री, तुमचं दार घेऊन जा, खिडकी परत बांधून घेऊ. उद्या संध्याकाळी गवंडी आणि मी जातो. हिला बरं वाटलं. ठोठावून रंग उडालाय तो तसाच ठेवायचा, असं तिने बजावलं.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

धाकटा आला. दुपारी. चादर आपोआप बाजूला झाली आणि तो उभा. वाळलाय. डाव्या हातात पिशवी. उजवी बाही कोपराशी दुमडून टाचलेली, खाली काही नाही.

म्हणाला, "बाबा, दार कुठंय?"

माझ्याआधी हीच बोलली. "दार नाही आता. तू सरळ आत ये."

गवंड्याला जाऊन सांगितलं — नको. राहू दे शाळेतच.